रक्तगटांचे जनक डॉ. कार्ल लँडस्टायनर

विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रावर रक्तगट लिहिण्याचा प्रघात आता सर्वत्र पडला आहे. ए, बी, एबी अथवा ओ ह्यांपैकी एक नाव, आणि त्याच्या पुढे अधिक किंवा उणे असे चिन्ह. हे चिन्ह कोठून आले असे आम्ही वर्गात विचारतो तेव्हा उत्तर बहुधा मिळत नाही. आणि ते एका माकडाच्या नावावरून आले असे सांगितले की वर्गात हशा पिकतो. परंतु गोष्ट खरी आहे. उत्तर हिंदुस्थानात देवळांच्या आणि स्टेशनांच्या आसपास जे लाल तोंडाचे माकड सर्रास दिसते, त्याला शास्त्रज्ञ ऱ्हीसस म्हणतात, आणि त्याच नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरे आर आणि एच आपल्या रक्ताच्या दाखल्यावर येऊन बसली आहेत. ती तेथे बसवणाऱ्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

कार्ल लँडस्टायनर ह्यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात, व्हिएन्ना येथील एका सुशिक्षित घराण्यात झाला. त्यांचे वडील लिओपोल्ड हे नामांकित वृत्तपत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असतानाच ते वारले, आणि एकुलत्या मुलाचा सर्व भार आई फॅनी हिच्यावर पडला. माता आणि पुत्र ह्यांचे एकमेकांवर विलक्षण प्रेम होते. आईच्या मृत्यूनंतर तिच्या मुखाचा घेतलेला ठसा लँडस्टायनर ह्यांनी आपल्या खोलीच्या भिंतीवर लावून ठेवला होता, आणि देशांतर झाले, घरे बदलली, तरी तो त्यांनी अखेरपर्यंत आपल्यापासून दूर केला नाही.

१८९१ साली व्हिएन्ना विद्यापीठातून ते वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडले. आता दवाखाना थाटावा, चार पैसे मिळवावे, असा कोणीही विचार केला असता. ह्या तरुणाने मात्र रसायनशास्त्राची वाट धरली. झुरिक, वुर्झबर्ग आणि म्यूनिक येथील प्रयोगशाळांतून पाच वर्षे त्यांनी काचेची भांडी हाताळली. वुर्झबर्ग येथील त्यांचे गुरू एमिल फिशर हे त्या काळातील अग्रगण्य रसायनवेत्ते होते. वैद्याला इतके रसायन कशाला हवे, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर आमच्या केम गावच्या मुलांना तरी सांगावे लागू नये. केमचे कुंकू दूरवर प्रसिद्ध आहे, आणि हळदीला चुना लागला की पिवळ्याचे लाल होते हे येथील पोरसोरही जाणते. दोन पदार्थ एकत्र आले, डोळ्यांना दिसेल असा पालट झाला, आणि त्या पालटावरून पदार्थाचा आतला स्वभाव ओळखला: लँडस्टायनर ह्यांचे सारे जीवितकार्य ह्या एका पद्धतीवर उभे आहे. फरक इतकाच, की हळद आणि चुन्याच्या जागी त्यांनी रक्त घेतले.

१८९६ पासून ते पुन्हा व्हिएन्नात होते. प्रथम आरोग्यशास्त्राच्या संस्थेत, आणि १८९८ पासून शवचिकित्सा विभागात. तेथील दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदने केली. हे काम किती कष्टाचे आणि उद्विग्न करणारे असते ह्याची कल्पना बाहेरच्याला येणे कठीण. सकाळी मृतांची तपासणी आणि उरलेल्या वेळात स्वतःचे प्रयोग, असा त्यांचा क्रम होता.

एका माणसाचे रक्त दुसऱ्यास देऊन त्याचे प्राण वाचवावे, ही कल्पना त्या वेळी जुनीच होती. १६६७ साली पॅरिसमध्ये डेनी नावाच्या वैद्याने कोकराचे रक्त माणसाच्या शिरेत घातले. पुढे त्याचा एक रोगी दगावला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि ह्या उद्योगावर बंदी आली. १८१८ च्या सुमारास लंडनमध्ये ब्लंडेल ह्यांनी माणसालाच माणसाचे रक्त देण्यास आरंभ केला. बाळंतपणातील रक्तस्रावाने मरू घातलेल्या काही स्त्रिया त्यामुळे वाचल्या, आणि काही रोगी रक्त पोचताच थंडीने कापू लागून गेले. एक का वाचतो आणि दुसरा का मरतो, हे कोणालाच सांगता येईना. डोळे झाकून विहिरीत उडी टाकण्यासारखाच हा प्रकार होता, आणि म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक शहाण्या वैद्यांनी तो सोडून दिला होता.

लँडस्टायनर ह्यांनी ह्या कोड्यावर जो प्रयोग केला तो इतका साधा होता, की शाळेच्या प्रयोगशाळेतही त्याची मांडणी करता यावी. रक्त काही वेळ स्थिर ठेवले म्हणजे ते गोठते आणि त्यातून पिवळसर पाणी सुटते. त्यास रक्तरस म्हणतात. त्यांनी स्वतःचे आणि आपल्याबरोबर काम करणाऱ्या सहकाऱ्यांचे रक्त घेतले, प्रत्येकाचा रक्तरस वेगळा केला, तांबड्या पेशी वेगळ्या केल्या, आणि प्रत्येकाच्या रसात प्रत्येकाच्या पेशी घालून पाहिल्या. कोठे पेशी सुखाने तरंगत राहिल्या, तर कोठे त्यांच्या गुठळ्या झाल्या. ही सारी माणसे निरोगी होती. म्हणजे गुठळ्या होणे हा रोगाचा परिणाम नव्हे. स्वतःच्या रसात स्वतःच्या पेशी मात्र कोणाच्याही गोठल्या नाहीत. निकालांचा तक्ता मांडताच माणसांचे तीन वर्ग आपोआप पडले. १९०० साली एका निबंधाच्या तळटीपेत त्यांनी ह्याचा ओझरता उल्लेख केला, आणि १९०१ साली सविस्तर लेख प्रसिद्ध केला. त्या तीन वर्गांस त्यांनी ए, बी आणि सी म्हटले. सी म्हणजेच आजचा ओ. चौथा, क्वचित आढळणारा एबी वर्ग त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०२ मध्ये दाखवून दिला.

ह्याचे मर्म असे. काहींच्या पेशींवर ए नावाची खूण असते, काहींच्या बी नावाची, एबी गटाच्या पेशींवर दोन्ही, आणि ओ गटाच्या पेशींवर दोहोंपैकी एकही नाही. जी खूण आपल्या पेशींवर नाही, तिला धरणारे पदार्थ आपल्या रक्तरसात जन्मानंतर थोड्याच महिन्यांत तयार होतात. त्या पदार्थांस प्रतिपिंडे म्हणतात. परकी खूण दिसली की प्रतिपिंडे तिला चिकटतात, पेशी एकमेकींत गुंततात, फुटतात, आणि रोगी संकटात पडतो. लँडस्टायनर ह्यांनी आपल्या लेखात रक्त देण्याच्या कामी ह्या ज्ञानाचा उपयोग होईल अशी सूचना अगदी संयमाने केली होती. परंतु वैद्यकविश्वाने ती मनावर घेतली नाही. न्यूयॉर्क येथील ऑटेनबर्ग ह्यांनी १९०७ मध्ये रक्त आधी जुळवून मग देण्यास आरंभ केला. तो प्रघात सर्वत्र रूढ होण्यास मात्र पहिल्या महायुद्धातील जखमी शिपायांच्या रांगा लागाव्या लागल्या. मधल्या काळात न जुळलेल्या रक्ताने किती जण गेले ह्याची गणती कोण करणार!

हे गट आईबापांकडून मुलांस वारशाने येतात हे १९१० साली फॉन डुंगर्न आणि हिर्शफेल्ड ह्यांनी सिद्ध केले. ह्यांपैकी हिर्शफेल्ड पतिपत्नी महायुद्धात सालोनिका येथील छावणीत होती, आणि तेथे नाना देशांचे सैनिक जमले होते. त्यांनी हजारोंचे रक्त तपासले. त्यांत हिंदी सैनिकही होते. युरोपीयांपेक्षा हिंदी लोकांत बी गट पुष्कळ अधिक आढळतो, ही गोष्ट तेथे प्रथम जगाच्या ध्यानात आली. १९१९ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या बोटांतून ते थेंब घेतले गेले त्या आपल्या देशबांधवांची नावे त्या तक्त्यात नाहीत.

आता माकडांकडे वळू. १९०८ च्या सुमारास लँडस्टायनर ह्यांच्यापुढे एका लहान मुलाचे शव आले. बालपक्षाघाताने, म्हणजे ज्यास आपण पोलिओ म्हणतो त्या रोगाने, तो मुलगा गेला होता. हा रोग संसर्गाने होतो की काय हे तोवर ठरले नव्हते. लँडस्टायनर आणि त्यांचे सहकारी पॉपर ह्यांनी त्याच्या मज्जारज्जूचा अंश कालवून ससे, गिनीपिग आणि उंदीर ह्यांस टोचला. त्यांना काहीच झाले नाही. तोच अंश दोन माकडांस टोचला: एक आपल्याकडचे ऱ्हीसस, आणि दुसरे आफ्रिका व अरबस्तानाकडचे बबून. दोन्ही आजारी पडली, आणि त्यांच्या मज्जारज्जूत मुलाच्या मज्जारज्जूसारखाच बिघाड आढळला. व्हिएन्नात माकडे दुर्मिळ आणि महाग होती, म्हणून पुढील प्रयोगांसाठी लँडस्टायनर पॅरिसच्या पाश्चर संस्थेकडे गेले. तेथे लेव्हादिती ह्यांच्या साहाय्याने, जंतूही अडकतील अशा बारीक गाळणीतून हा रोग पार जातो, अर्थात तो विषाणूचा रोग आहे, असे त्यांनी १९०९ साली दाखवले. पोलिओच्या लसीचा मार्ग येथूनच निघाला. १९५० नंतर ती लस तयार करण्यास माकडांची मूत्रपिंडे लागू लागली, आणि आपल्या देशातून ऱ्हीसस माकडे पिंजऱ्यांत भरभरून परदेशी गेली. १९७८ साली भारत सरकारने ही निर्यात पूर्णपणे बंद केली. मुलांचे लुळे पाय वाचले हे खरे, आणि त्याची किंमत मुक्या प्राण्यांनी दिली हेही खरे. ह्यांपैकी एक सांगून दुसरे लपवणे आम्हास प्रशस्त वाटत नाही.

१९१६ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला, आणि पुढल्या वर्षी मुलगा झाला. युद्ध संपले तेव्हा ऑस्ट्रियाचे साम्राज्य मोडले होते. व्हिएन्नात अन्न नव्हते, कोळसा नव्हता, आणि प्रयोगशाळेत काम करणे अशक्य झाले होते. रक्तगटांचा हा शोधक १९१९ साली हॉलंडमधील हेग शहरी एका लहानशा रुग्णालयात नोकरीस गेला. तेथे त्यांस रोग्यांच्या लघवीची व रक्ताची रोजची तपासणी करावी लागे. तरीही त्या तीन वर्षांत त्यांचे शोधनिबंध थांबले नाहीत. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांस बोलावून घेतले, आणि पुढले सर्व आयुष्य त्यांनी तेथेच घालवले. १९२७ साली लेव्हिन ह्यांच्यासह त्यांनी एम, एन आणि पी ही आणखी रक्तचिन्हे शोधली, आणि १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. मूळ शोधानंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

तथापि रक्तगटांहूनही त्यांच्या आवडीचे काम वेगळेच होते. प्रयोगशाळेत बनवलेली, निसर्गात कोठेही नसलेली रसायने ते प्रथिनांस जोडीत आणि सशांस टोचीत. ससा त्या रसायनाविरुद्ध नेमकी प्रतिपिंडे तयार करी. एवढेच नव्हे, तर रसायनाच्या सहा कोनी कड्यावरील एक अणुसमूह शेजारच्या घरात सरकवला, तरी प्रतिपिंडे तो फरक ओळखीत. येथे मोठे कोडे उभे राहिले. सशाच्या पूर्वजांनी जे रसायन स्वप्नातही पाहिले नाही, त्यासाठीची प्रतिपिंडे त्याच्या अंगी आली कोठून? शरीराच्या भांडारात अशी लक्षावधी हत्यारे आधीच ठेवलेली असतात काय? लँडस्टायनर ह्यांनी प्रश्न धारदार करून ठेवला, परंतु उत्तर पाहण्यास ते उरले नाहीत.

ते उत्तर पुढे १९७६ साली जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा ह्यांनी दिले, आणि त्यासाठी १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळवले. जुन्या छापखान्यात जाऊन ज्यांनी खिळे जुळवताना पाहिले असतील, त्यांस ते सहज समजेल. पेटीत खिळे थोडेच असतात, पण त्यांच्या जुळणीतून शब्द मात्र वाटेल तितके निघतात. प्रतिपिंड बनवणाऱ्या प्रत्येक पेशीत जनुकांचे काही तुकडे कापून एकमेकांस जोडले जातात. माणसात प्रतिपिंडाच्या मोठ्या साखळीसाठी पहिल्या जातीचे सुमारे चाळीस ते पन्नास उपयोगी तुकडे आहेत, दुसऱ्या जातीचे वीसच्या वर, आणि तिसऱ्या जातीचे सहा. ह्या जुळणीतून, सांध्यावरच्या फेरफारांतून आणि दुसऱ्या, लहान साखळीच्या जोडीतून अगणित प्रतिपिंडे निघतात.

परंतु खिळ्यांची पेटी सर्वांची एकच असते काय? नसते. हस्तलिखित पोथ्यांत जसे पाठभेद असतात, तसे ह्या तुकड्यांतही व्यक्तीगणिक पाठभेद असतात. आणि नव्या लसी ज्यांच्यावर प्रथम अजमावल्या जातात त्या ऱ्हीसस माकडांत ते माणसांहूनही अधिक आहेत. पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञ थोड्याशा माकडांच्या जनुकांवरून सर्व माकडांचा हिशेब करीत होते. ही उणीव भरून काढण्यासाठी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी ऱ्हीसस आणि त्याच्या जवळच्या सायनोमोल्गस माकडांतील पाठभेदांचा विस्तृत संग्रह २०२१ साली प्रसिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताच्या पोथ्या ताडून पाहिल्या, त्याच जातीचे हे काम आहे. एक पोथी वाचून महाभारत वाचले असे म्हणता येत नाही.

ही केवळ पंडिती हौस नव्हे. एड्सच्या विषाणूविरुद्ध जी उत्तम प्रतिपिंडे ठाऊक आहेत, त्यांतील एक प्रसिद्ध वर्ग एका विशिष्ट तुकड्यापासूनच बनतो, आणि ऱ्हीसस माकडांत त्या तुकड्याचा नेमका जोडीदार नाही. माकडात लस फसली म्हणून ती माणसात फसेलच असे अशा वेळी म्हणता येत नाही, आणि उलटही म्हणता येत नाही. त्या वर्गासाठी केलेल्या लसीची पहिली चाचणी माणसांवर झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. लस घेतलेल्या ३६ जणांपैकी ३५ जणांत अपेक्षित परिणाम दिसला. उरलेल्या एकाचे जनुक तपासले, तेव्हा त्याच्या पेटीत तो खिळा हव्या त्या रूपात नव्हताच. लँडस्टायनर ह्यांनी १९०१ साली आपल्या मित्रांच्या रक्तात जो भेद पाहिला, त्याचाच हा अधिक खोलवरचा प्रकार आहे.

१९३९ साली ते नियमाप्रमाणे निवृत्त झाले, पण प्रयोगशाळेत येणे काही थांबेना. स्वभावाने ते मितभाषी, संकोची आणि स्वतःच्या कामाविषयी अत्यंत कठोर होते. सभासंमेलने त्यांस आवडत नसत. निवृत्तीनंतर एक वर्षाने, १९४० साली, त्यांनी आणि वीनर ह्यांनी ऱ्हीसस माकडाच्या तांबड्या पेशी सशांस व गिनीपिगांस टोचल्या. त्यांपासून मिळालेल्या रक्तरसाने न्यूयॉर्कच्या शंभर गोऱ्या लोकांपैकी सुमारे ८५ जणांच्या पेशी गोठवल्या. ज्यांच्या गोठल्या ते ऱ्हीसस अधिक, आणि उरलेले उणे. आपल्या देशात उणे गटाचे लोक शेकडा सुमारे पाचच आहेत. आई उणे आणि पोटातील मूल अधिक असले, तर आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे पुढल्या गरोदरपणात वारेतून पार जाऊन बाळाच्या रक्तपेशींचा नाश करतात. ज्या घरी एकामागून एक मुले जन्मतःच पिवळी पडून जात आणि लोक दृष्ट किंवा शाप म्हणून कपाळाला हात लावीत, त्यांपैकी कित्येक घरांचे दुःख ह्या एका खुणेत होते. १९६८ पासून अशा मातांना देण्याचे एक इंजेक्शन निघाले आहे, आणि ते वेळेवर मिळाले तर हे अरिष्ट टळते. मौजेची गोष्ट अशी, की सशांनी माकडाच्या ज्या खुणेविरुद्ध प्रतिपिंडे केली ती आणि माणसांतील ही खूण एक नव्हेत, असे पुढे आढळून आले. तोवर माकडाचे नाव इतके रूढ झाले होते की ते बदलता येईना. म्हणून त्या दुसऱ्या खुणेस लँडस्टायनर आणि वीनर ह्यांची आद्याक्षरे देण्यात आली.

त्यांच्या पत्नीस गळ्यातील ग्रंथीचा कर्करोग झाला होता, आणि शेवटच्या काळात वृद्ध लँडस्टायनर त्या रोगाच्या अभ्यासात गढून गेले होते. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम चालू असतानाच त्यांस हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी त्याच संस्थेच्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला. पत्नीही त्याच वर्षी गेली.

त्यांच्या पश्चात नऊ वर्षांनी मुंबईत एक नवल घडले. काही रोग्यांचे रक्त तपासता ते ओ गटाचे दिसे, परंतु ओ गटाचेही रक्त त्यांस जुळेना. डॉ. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ह्याचा उलगडा केला. ए आणि बी ह्या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, ती एच नावाची मूळ खूणच ह्या लोकांत नाही. आणि जे आपल्यापाशी नाही त्याविरुद्ध प्रतिपिंडे असावयाची, ह्या लँडस्टायनर ह्यांच्याच नियमाने त्यांचे रक्त ओ गटासही परके मानते. ह्या गटास जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात. रक्तगटांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आज परळ येथे किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयाच्या आवारात आहे. त्या रुग्णालयाच्या नावाची के, ई, एम ही तीन इंग्रजी अक्षरे आणि आमच्या केम स्टेशनच्या पाटीवरील तीन इंग्रजी अक्षरे तीच. ह्याचे आमच्या मुलांस फार कौतुक वाटते, आणि वाटू द्यावे.

बॉम्बे गटाची माणसे आपल्या देशात दहा हजारांत सुमारे एक, आणि ती रक्त घेऊ शकतात ते केवळ आपल्याच गटाचे. म्हणून रक्तपेढ्या अशा दात्यांची नावे आणि पत्ते जपून ठेवतात, आणि गरज पडली म्हणजे त्यांना दूरच्या गावाहूनही बोलावून घेतात.